चेअरमनचा शिपाई कसा झाला: विनोदी नट सिनेमात गेले की बोथट का होतात

तुझा प्रश्न मी माझ्या भाषेत परत मांडतो, चुकलं तर सांग. तू सातारा-कराड पट्ट्यात पाच-सहा वर्षं आधी एकांकिका आणि आता मराठी स्टँडअप करतोयस. सोसायटीच्या निवडणुका, भावकी, जात, लग्नातले मानपान यावर बोलतोस, लोक हसतात आणि मधूनच खुर्चीत चुळबुळ पण करतात. आता एका मोठ्या मराठी सिनेमात हिरोच्या मित्राचा रोल आलाय, सोबत तीन सिनेमांचा करार आहे, आणि ग्रुपमधले सीनियर म्हणतायत की गेलास तर संपलास. तू विचारतोस की चांगले चांगले विनोदी नट सिनेमात जाऊन असे गुळगुळीत का होतात, पैसाच माणसाला बिघडवतो का, आणि मी नाही म्हणू का.

वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी आधी एकांकिका, मग टीव्हीची स्किट्स आणि मग सिनेमाचे संवाद असं मिळून बावीसेक वर्षं लिहितोय. स्वतः स्टेजवर पण होतो, पण फार बरा नट नव्हतो म्हणून लिहायला लागलो. त्यामुळे मी जे सांगणार ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून दिसलेलं आहे, एखादा निर्माता किंवा एडिटर वेगळं सांगेल आणि त्याचंही बरोबर असेल.

पैशाचं आधी उरकून टाकतो. पैशाने माणूस बोथट होताना मी फारसा पाहिला नाही. उलट पैसे नसले की माणूस जास्त घाबरतो. अशोक सराफांनी सुरुवातीची बरीच वर्षं स्टेट बँकेतली नोकरी सोडली नव्हती, लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते. महिन्याचा पगार घरात येत असला की समोर आलेल्या पहिल्याच रोलला हो म्हणायची सक्ती नसते. तेव्हा तुझ्या घरी कोण कमावतं, कर्जाचे हप्ते आहेत का, आईवडिलांचं औषधपाणी कोण बघतं, हे मला माहीत नाही आणि अर्धं उत्तर त्यावरच ठरतं. घर तुझ्यावर असेल तर रोल घे, आणि धार वगैरेवर प्रवचन देणाऱ्या सीनियरला विचार की महिन्याला किती पाठवताय.

आता खरा मुद्दा. धार म्हणजे शिवी नाही, आणि जातीचं नाव घेऊन बोललो म्हणजे धार आली असंही नाही. माझ्या अनुभवाने ती तीन गोष्टींत असते. तू कोणावर हसवतोयस, हशा किती वेळ थांबू द्यायचा हे कोण ठरवतं, आणि आज फसलेलं वाक्य तुला उद्या बदलता येतं का. स्टेजवर हे तिन्ही तुझ्या हातात असतं. सिनेमात तिन्ही जातं, आणि ते कोणी दुष्ट माणूस हिसकावून घेतो असं नाही, ती कामाची पद्धतच तशी आहे.

एक गोष्ट सांगतो, माझ्यावरच घडलेली. माझा एक मित्र, नाव सांगत नाही, ऊसवाल्या भागातला. त्याचं साखर कारखान्याच्या चेअरमनचं एक बिट, म्हणजे स्टेजवर करायचा विनोदी तुकडा, होतं, बारा मिनिटांचं. कायद्याने उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असतं ना, तर त्याचा चेअरमन सभेत छाती ठोकून सांगायचा, "चौदा दिवसांत देणार म्हणजे देणार! आता कुठल्या वर्षातले चौदा दिवस ते संचालक मंडळ ठरवंल." ह्या वाक्याला मी सांगली भागात लोकांना उभं राहून ओरडताना पाहिलंय. हसता हसता एक म्हातारा तर खरंच शिवी देऊन बसला, स्टेजवरच्याला नाही, त्याच्या स्वतःच्या चेअरमनला.

तर एका निर्मात्याने ते पाहिलं, खूश झाला, म्हणाला हे कॅरेक्टर सिनेमात पाहिजे. मला लिहायला बोलावलं. पहिल्या नरेशनला, म्हणजे निर्मात्याच्या माणसांना गोष्ट ऐकवायच्या बैठकीला, सगळे हसले. मग म्हणाले, चेअरमन नको, आपल्याला त्याच भागात शूट करायचंय, लोकेशनला त्रास होईल, शाळेचा हेडमास्तर करूया का? मला पटलं, म्हणजे मी पटवून घेतलं. दुसऱ्या नरेशनला कोणीतरी म्हणालं की शिक्षकांची संघटना आहे, आणि फॅमिली ऑडियन्स आहे, मास्तरची टिंगल बरी दिसत नाही. तिसऱ्या नरेशनला मी गेलो तेव्हा तो शाळेचा शिपाई झाला होता, घंटा उशिरा देणारा, आणि कानाने कमी ऐकणारा. आणि हे शेवटचं कुणीही सांगितलं नव्हतं! ते मी माझ्या घरी, माझ्या टेबलावर, आदल्या रात्री स्वतःच करून नेलं होतं, कारण मला चौथं नरेशन नको होतं.

तीन बैठकांत चेअरमनचा शिपाई झाला. अभिनय तोच, नट तोच, आवाज काढायची पद्धत तीच, फक्त हसण्याची दिशा फिरली. आधी लोक वरच्या माणसावर हसत होते, आता खालच्यावर. सिनेमा बरा चालला, त्या शिपायाचं "ऐकू नाय आलं" लोकांच्या तोंडी पण बसलं. आणि मित्राला पुढचे सगळे रोल तसेच आले.

मला वाटतं बोथट होणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. आणि तुला जो रोल आलाय, हिरोचा मित्र, त्यात हे आधीच शिजवलेलं असतं. विचार कर, मित्र कोणावर विनोद करू शकतो? हिरोवर नाही, हिरोची इज्जत सांभाळायची असते. हिरोईनवर केला तर घाण दिसतो. हिरोईनच्या बापावर थोडा करता येतो. व्हिलनवर मारामारीच्या वेळी एखादा. मग उरतं कोण, तो स्वतः! त्याचं पोट, त्याचा रंग, त्याला पोरगी न मिळणं, त्याची उधारी. आपल्याकडे तमाशात बतावणी असते, वग असतो, तिथला सोंगाड्या राजाला तोंडावर बोलतो, गवळणीतली मावशी कृष्णालाच झापते, आणि राजाला ऐकून घ्यावं लागतं. त्याच सोंगाड्याला सिनेमाने हिरोच्या मोटरसायकलवर मागे बसवलं. हिंदीत तर अजून एक पायरी खाली. बेर्डे मराठीत एवढे मोठे स्टार झाल्यावर 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन'मध्ये घरातल्या नोकरमाणसांच्या रोलमध्ये दिसले. कामं त्यांनी गोड केली, पण मराठी माणूस तिथे कुठे उभा केला गेला ते बघ.

दुसरी गोष्ट हशाची. हे जरा टेक्निकल आहे पण तुला उपयोगी पडेल. स्टेजवर पंच टाकला की हशा वर जातो, तू थांबतोस, तो उतरायला लागला की पुढची लाइन टाकतोस, पूर्ण खाली जाऊ देत नाहीस. हा पॉज रोज वेगळा असतो, इस्लामपूरला चार सेकंद, ठाण्यात दोन, पावसाळ्यात अर्धं थिएटर रिकामं असलं की अजून कमी. सिनेमाच्या सेटवर हशाच नाही. सिंक साउंड असेल, म्हणजे आवाज सेटवरच रेकॉर्ड होत असेल, तर कोणी हुं पण करत नाही. पहिल्या टेकला लाइटवाले आणि स्पॉटदादा तोंड दाबून हसतात, ते तू डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोस आणि तुला बरं वाटतं. मग फोकस गेला म्हणून दुसरा टेक, मागून विमान गेलं म्हणून तिसरा, पाचव्या टेकला कोणी हसत नाही, कारण सगळ्यांना पाठ झालंय. आणि तुझ्या अंगातला स्टेजवाला घाबरतो, त्याला वाटतं विनोद पडला, मग तो आवाज चढवतो, भुवया वर, मान वाकडी, सातव्या टेकला लाउड. आणि बरेचदा नेमका सातवाच ओके होतो. लोक म्हणतात हा स्टेजवर किती सूक्ष्म करायचा, सिनेमात ओव्हरॲक्टिंग करतो. त्याला एकट्याला सोडलं होतं हो, हशाशिवाय.

पुढे एडिट. आता एडिटरला कुठे माहीत लोक किती हसणार, तो पॉज कापून टाकतो कारण सीन लांबतो, किंवा तिथे हिरोची रिॲक्शन टाकतो, आणि वरून विनोद झाला हे सांगणारा तो टॉइंग आवाज. त्या टॉइंगवर मी बावीस वर्षं भांडतोय आणि अजून एकदाही जिंकलो नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ॲडिशन. नाटकवाल्यांना हा शब्द सांगायला नको, लेखकाने न लिहिलेलं वाक्य नटाने जागेवर घेतलं की ती ॲडिशन. इथे दादा कोंडके आठवतात. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५चं, हवालदाराच्या कामात दादा रोज नवीन ॲडिशन घ्यायचे, त्या दिवशी गावात किंवा पेपरात जे झालं असेल ते संध्याकाळी वगात यायचं. आशाबाईंनी, म्हणजे आशा भोसल्यांनी, ते बघून सिनेमा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव सुचवलं आणि १९६९ला 'तांबडी माती' हा सिनेमा मिळाला. मग १९७१ला 'सोंगाड्या', स्वतःची निर्मिती, आणि लेखन परत सबनिसांचंच. 'पांडू हवालदार'पासून दिग्दर्शनही स्वतः. म्हणजे तू म्हणशील ह्या माणसाला कोण बोथट करणार, मालकच तो होता.

पण तरी विनोद बदलला की. आणि माझं मत असं आहे की तो निर्मात्याच्या भीतीने बदलला नाही (निर्माते दादा स्वतःच होते), तो सिनेमाच्या वयामुळे बदलला. आजच्या पेपरवरचा विनोद आज संध्याकाळी जिवंत असतो. सिनेमा लिहायचा जानेवारीत, शूट उन्हाळ्यात, रिलीज दिवाळीनंतर, आणि चालला तर पंचवीस आठवडे चालायचा, दादांचे तर नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले. त्यात आजचा मंत्री काय कामाचा, तोपर्यंत तो बदललेला असतो. म्हणून जो विनोद शिळा होत नाही तो पुढे आला, द्वयर्थी. त्यालाही धार होती हं, एक अर्थ सरळ ठेवून दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात ढकलायचा आणि सेन्सॉरला म्हणायचं की घाण तुमच्या मनात आहे, यात सोवळ्या माणसाची मस्त फजिती आहे. पण 'विच्छा'तला हवालदार जे काम करत होता ते हे काम नव्हतं.

स्टेजवर सगळं मोकळं असतं असंही मी म्हणणार नाही. नाटकालाही परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, आणि गावोगावी कोणाच्या भावना कधी दुखावतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. फरक एवढाच की स्टेजवर अंदाज घेऊन तू एक वाक्य गिळू शकतोस आणि पुढच्या गावात परत काढू शकतोस. सिनेमात गिळलं ते कायमचं.

आता प्रेक्षकाबद्दल, कारण सगळं खापर निर्मात्यावर फोडणं बरोबर नाही. बेर्डे 'टुरटुर' नाटकातून गाजले, मग १९८५ला 'धुमधडाका', १९८८ला 'अशी ही बनवाबनवी', आणि लक्ष्या घराघरात गेला. त्यानंतर १९९२ला जब्बार पटेलांनी त्यांना घेऊन 'एक होता विदूषक' केला, लेखन पुलंचं, पैसा एनएफडीसीचा, म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाचा. गोष्ट काय, तर तमाशातला सोंगाड्या आबुराव सिनेमात स्टार होतो आणि मग राजकारणवाले त्याला वापरून घेतात. म्हणजे तुझाच प्रश्न बघ! त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि थिएटरात तो चालला नाही. लोक लक्ष्याला बघायला गेले आणि पडद्यावर आबुराव निघाला. ज्या माणसाला सगळे गुळगुळीत झाला म्हणत होते त्याने धार काढून दाखवली तेव्हा आपणच तिकीट काढलं नाही. मी स्वतः तेव्हा कॉलेजात होतो आणि 'झपाटलेला' दोनदा बघितला, 'विदूषक' बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर. म्हणून मी हे बोट दाखवताना जरा जपून दाखवतो.

उलटं उदाहरण हवं असेल तर निळू फुले. सेवा दलाच्या कलापथकातून, लोकनाट्यातून आलेला माणूस, 'कथा अकलेच्या कांद्याची'मध्ये हसवणारा. सिनेमाने त्यांना पाटील करून टाकलं, धोतर, मिशी आणि वाड्यावर बोलावणारा. वर्षानुवर्षं तेच. पण त्याच काळात १९७२ला 'सखाराम बाइंडर' स्टेजवर केलं, आणि सिनेमात १९७५ला 'सामना'तला हिंदुराव, १९७९ला 'सिंहासन'मधला पत्रकार. मला त्यांच्याकडून जे दिसतं ते असं की धंदेवाईक सिनेमा त्यांनी सोडला नाही आणि त्याला दोषही देत बसले नाहीत, पण दुसरी एक जागा चालू ठेवली जिथे ते कोणाचे पाटील नव्हते. आणि हिंदुरावकडे नीट बघ, तो साखरसम्राट आहे. माझ्या मित्राचा चेअरमन! फक्त तिथे विजय तेंडुलकर लिहीत होते आणि त्यांनी त्याला शिपाई केला नाही.

तर तुझ्याकडे वळतो. नाही म्हण असं मी सांगणार नाही, आणि डोळे झाकून हो म्हण असंही नाही. करार हातात आला की सगळ्यात आधी एकच गोष्ट शोध, तीन सिनेमे होईपर्यंत लाइव्ह शो करायला बंदी आहे का. हे कलम हल्ली असतं, "एक्सक्लुझिव्हिटी" नावाखाली, आणि पोरं मानधनाचा आकडा बघून ते पान उलटतात. ते कलम असेल तर मी सही करणार नाही, किंवा निदान महिन्यातले दोन-तीन शो बाहेर काढून घेईन, लेखी. तोंडी "अरे कर की, कोण नको म्हणतंय" याला काही अर्थ नसतो, तो म्हणणारा प्रोडक्शन मॅनेजर दोन महिन्यांत दुसरीकडे गेलेला असतो.

मग तुझी बिट्स. सेटवर तुला म्हणतील, तुझं काहीतरी टाक ना यात, मजा येईल. आणि तू भरात तुझं सगळ्यात चांगलं बिट टाकशील, फुकट, आणि ते आठव्या सीनमध्ये हिरोच्या एन्ट्रीच्या आधी चाळीस सेकंदात संपेल. पुढे करारात लिहिलेलं असतं की सिनेमात जे आलं ते निर्मात्याचं, आणि उद्या तू तेच बिट स्टेजवर केलंस तर लोक म्हणणार हा सिनेमातलं म्हणतोय. म्हणून जुनी सगळी बिट्स लिहून काढ, आमच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करता येतात, आणि करारात "कलाकाराचं आधीचं साहित्य वगळून" एवढे शब्द घालून घे. सेटवर द्यायचंच असेल तर सेटवर सुचलेलं दे.

बोलीचंही तेच. तू साताऱ्याचा बोलतोस ते ऐकायला मजा येते, पण सिनेमात "गावाकडचं" म्हणून एकच भाषा चालते, ना धड कोल्हापूर ना धड बीड. मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याची बोली मोठ्या पडद्यावर रुजवली, तर नंतर दहा वर्षं कुठल्याही गावच्या माणसाला लोक तसंच बोलायला सांगायचे. डबिंगला तुझ्या बोलीचा हट्ट धर. तिथे भांडण स्वस्त पडतं, कारण परत शूट करावं लागत नाही.

आणि टेकचं मघाशी सांगितलं ते डोक्यात ठेव, पाचव्या टेकला कोणी हसलं नाही तर आवाज वाढवू नकोस. मला विचारशील तर पहिल्या वर्षी एवढंच जमलं तरी पुष्कळ.

तो माझा मित्र आता पन्नाशीला आलाय. मागे एकदा त्याने खूप वर्षांनी लाइव्ह शो लावला, छोट्या हॉलमध्ये, चेअरमन करायचा म्हणून. एन्ट्रीलाच मागून कोणीतरी ओरडलं, "ऐकू नाय आलं म्हण की!" त्याने म्हटलं. मग परत ओरडले, परत म्हटलं. चेअरमनला यायला वीस मिनिटं लागली, आणि आला तेव्हा हात जरा थरथरत होते त्याचे, वाक्यं मागेपुढे झाली, चौदा दिवसांच्या वाक्यावर तो हशा यायच्या आधीच पुढे गेला. पॉजच विसरला होता. नंतर चहा पिताना मला म्हणाला, रोज करायला पायजे होतं रे. मी काय बोलणार, तो शिपाई मीच लिहिला होता.

करार आला की वकिलाला दाखव, गावातल्या नको, ज्याने असे करार वाचलेत अशाला. आणि शूट सुरू व्हायच्या आधी तुझा एखादा शो असेल तर सांग, कऱ्हाड असो नाहीतर कुठेही, मी येतो. तिकीट काढून येईन, पास ठेवू नकोस.